नित्याचे औषध आणि हृदयाची लय

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील आरोग्यविषयक व्याख्यान)



आज घरोघरी औषधांचा एक डबा असतो. सर्दीची गोळी, अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल, उलटी थांबविणारी गोळी, मागच्या तापाच्या वेळी उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन-तीन गोळ्या, असा हा संग्रह घरच्या लोकांच्या पूर्ण परिचयाचा झालेला असतो. परिचय वाढला की भीती कमी होते, हा मनुष्यस्वभाव आहे. जे औषध शेजारी घेतात, नातेवाईक घेतात, दुकानात सहज मिळते, त्याने अपाय होईल असे कोणाच्या मनातही येत नाही. आणि बहुतांशी तो होतही नाही. परंतु याच परिचित औषधांपैकी काही औषधे, विशिष्ट परिस्थितीत आणि अत्यंत थोड्या व्यक्तींमध्ये, हृदयाची लय बिघडवू शकतात. हा बिघाड विरळा असला तरी प्रसंगी प्राणघातक ठरतो. समाधानाची गोष्ट अशी, की यातील पुष्कळसे प्रसंग थोड्याशा माहितीने आणि दक्षतेने टाळता येण्यासारखे आहेत. म्हणून या विषयाचा विचार सुबुद्ध समाजाने करणे अगत्याचे आहे.

हृदयाची विद्युत्-लय

मिनिटाला ७२ ठोके धरले तर मनुष्याचे हृदय दिवसाकाठी एक लाखाहून अधिक वेळा आकुंचन पावते. प्रत्येक आकुंचनापूर्वी हृदयाच्या स्नायूंतून विजेची एक सूक्ष्म लहर जाते. ही लहर कागदावर उमटविण्याची विश्वसनीय पद्धत विसाव्या शतकाच्या प्रारंभी हॉलंडमधील लायडेन येथे विलेम आइंटहोवन यांनी सिद्ध केली. त्याबद्दल त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आलेखावरील चढउतारांना त्यांनी दिलेली पी, क्यू, आर, एस आणि टी ही नावे आजही जगभर रूढ आहेत.

यांपैकी क्यू पासून टी च्या अखेरीपर्यंतचा कालावधी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांत विजेची लहर शिरल्यापासून ते कप्पे पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा पूर्णपणे सज्ज होईपर्यंत लागणारा हा वेळ होय. सामान्यतः पुरुषांत तो सेकंदाच्या ४५० सहस्रांशांपेक्षा आणि स्त्रियांत ४६० सहस्रांशांपेक्षा कमी असावा, असे मानतात. नाडीच्या वेगाप्रमाणे तो बदलत असल्याने गणिताने त्याची दुरुस्ती करून मगच तो वाचावयाचा असतो. हा काळ ५०० सहस्रांशांच्या पुढे गेला तर धोका स्पष्टपणे वाढतो.

पेशी पुन्हा सज्ज होण्याची ही क्रिया मुख्यतः पोटॅशियमच्या कणांवर अवलंबून असते. पेशीच्या आवरणात अतिसूक्ष्म द्वारे असतात. त्यांतून पोटॅशियम बाहेर पडले म्हणजे पेशी विसावते. काही औषधांचे रेणू यांपैकी एका द्वारात अडकून बसतात. पोटॅशियम बाहेर पडण्यास विलंब होतो, पेशीचा विसावा लांबतो आणि त्या लांबलेल्या अवस्थेत एखादा अवेळी ठोका पडला तर सर्व लय विस्कटते. आलेखावरील टोके जणू एका अक्षाभोवती पीळ घेत असल्यासारखी दिसू लागतात. फ्रान्सुआ देसर्तेन या फ्रेंच वैद्याने १९६६ साली या प्रकाराचे वर्णन करताना त्याला ‘तोर्साद द प्वांत’, म्हणजे ‘टोकांचा पीळ’, असे समर्पक नाव दिले.

हा पीळ काही सेकंदांत आपोआप सुटला तर रुग्णास केवळ भोवळ येते किंवा क्षणभर शुद्ध हरपते. तो सुटला नाही तर हृदय नुसते थरथरत राहते, रक्त पुढे ढकलले जात नाही आणि काही मिनिटांतच मृत्यू ओढवतो. तेव्हा अशा रुग्णाची पहिली भोवळ हीच पुष्कळदा निसर्गाने दिलेली एकमेव पूर्वसूचना असते.

सर्दीच्या गोळीचा धडा

या बाबतीत वैद्यकशास्त्राचे डोळे उघडणारी घटना इ.स. १९९० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. टर्फेनाडीन हे अ‍ॅलर्जी आणि सर्दीवरील औषध तेथे १९८५ पासून उपलब्ध होते. पूर्वीच्या औषधांप्रमाणे त्याने झोप येत नसे. त्यामुळे ते अल्पावधीत लोकप्रिय झाले आणि लक्षावधी लोक ते घेऊ लागले. ३९ वर्षे वयाच्या एका महिलेस दोन दिवस वारंवार भोवळ येत होती व शुद्ध हरपत होती. रुग्णालयात आलेख काढला असता पूर्वोक्त कालावधी ६५५ सहस्रांश इतका लांबलेला आढळला. यंत्रावर देखरेख चालू असतानाच डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर टोकांचा पीळ उमटला.

चौकशीअंती असे दिसून आले, की तिला दहा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी टर्फेनाडीन दिले होते. आठव्या दिवसापासून तिने स्वतःच्या विचाराने केटोकोनॅझोल हे बुरशीवरील औषधही सुरू केले होते. टर्फेनाडीन पोटात गेल्यावर यकृत त्याचे झपाट्याने निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करते आणि अ‍ॅलर्जीवर गुण येतो तो मुख्यतः या रूपांतरित पदार्थाने. केटोकोनॅझोलने यकृतातील नेमके हेच काम रोखून धरले. परिणामी मूळ औषध रक्तात साचत गेले आणि त्याने हृदयातील पोटॅशियमची द्वारे अडविली. दोन्ही औषधे आपापल्या जागी उपयुक्त होती. त्यांच्या संयोगातून संकट उभे राहिले.

पुढे १९९६ साली तो रूपांतरित निरुपद्रवी पदार्थच फेक्सोफेनाडीन या नावाने स्वतंत्र औषध म्हणून मान्य झाला. आज भारतात सर्दी-अ‍ॅलर्जीसाठी तो सर्रास वापरला जातो. सुरक्षित पर्याय उपलब्ध होताच टर्फेनाडीनची गरज उरली नाही, आणि १९९८ च्या प्रारंभापर्यंत ते अमेरिकेच्या बाजारातून गेले. भारत सरकारने टर्फेनाडीन आणि त्याच जातीचे अ‍ॅस्टेमिझोल ही दोन्ही औषधे मार्च २००३ मध्ये प्रतिबंधित केली.

इशारे छापले, तरी अपघात थांबले नाहीत

दुसरे उदाहरण सिसाप्राइडचे. छातीतील जळजळ कमी करणारे हे औषध अमेरिकेत १९९३ साली मान्य झाले. त्याच्या वेष्टनावरील इशारे अनेकदा वाढविण्यात आले. कोणत्या औषधांबरोबर ते घेऊ नये, कोणत्या रुग्णास देऊ नये, हे ठळकपणे छापण्यात आले. तरीही १९९९ च्या अखेरीपर्यंत हृदयाच्या लयीतील बिघाडाच्या ३४१ घटनांची नोंद तेथील औषध प्रशासनाकडे झाली व त्यांत ८० मृत्यू होते. यांपैकी सुमारे ८५ टक्के घटना धोक्याची ज्ञात कारणे असलेल्या व्यक्तींतच घडल्या होत्या. म्हणजे इशारा छापलेला होता, तो वाचणारा मात्र कोणी नव्हता. जुलै २००० मध्ये उत्पादकांनी ते अमेरिकेच्या सर्वसाधारण बाजारातून मागे घेतले. भारतात त्यावरील बंदी फेब्रुवारी २०११ मध्ये आली.

या दोन उदाहरणांतून औषधनिर्मितीच्या जगाने बोध घेतला. २००५ साली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे ठरली आणि नवे औषध हा कालावधी लांबविते किंवा नाही, याची परीक्षा बाजारात येण्यापूर्वीच करण्याची रीत पडली. तथापि जी औषधे त्यापूर्वीपासून प्रचलित आहेत आणि ज्यांचा उपयोग खरोखर मोठा आहे, ती सर्व काढून टाकणे शक्यही नाही व इष्टही नाही. तेथे विवेक हाच उपाय होय.

आज आपल्या घरात असलेली औषधे

अ‍ॅझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक सर्वांच्या परिचयाचे आहे. घसा, छाती, कान यांच्या जंतुसंसर्गावर तीन किंवा पाच दिवसांत गुण देणारे हे उत्तम औषध आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, अमॉक्सिसिलिनच्या तुलनेत अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या दर दहा लाख उपचारांमागे हृदयविकाराचे ४७ मृत्यू अधिक आढळले. म्हणजे सुमारे २१,००० उपचारांमागे एक. ज्यांना आधीपासूनच हृदयविकाराचा सर्वाधिक धोका होता, त्या गटात मात्र हे प्रमाण दहा लाखांमागे २४५, म्हणजे सुमारे ४,००० उपचारांमागे एक, इतके होते. लगेच पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, डेन्मार्कमधील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १८ ते ६४ वर्षे वयाच्या सर्वसाधारण प्रौढांत पेनिसिलिनच्या तुलनेत असा कोणताही अधिक धोका दिसला नाही. वरवर परस्परविरोधी भासणारे हे दोन निष्कर्ष एकत्र वाचले असता मर्म ध्यानी येते. निरोगी तरुणास नगण्य असलेला धोका हृदयरुग्णाच्या बाबतीत मोजण्याइतका वाढतो. गोळी तीच, घेणारा निराळा.

डॉम्पेरिडोन हे मळमळ व उलटी थांबविणारे औषध आपल्याकडे अ‍ॅसिडिटीच्या औषधाबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये मिळते. सकाळी रिकाम्या पोटी ती कॅप्सूल घेण्याची सवय कित्येकांना वर्षानुवर्षे जडलेली असते. १९८० च्या दशकात या औषधाची इंजेक्शने, मोठ्या मात्रेत दिल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याच्या घटनांमुळे, मागे घ्यावी लागली होती. युरोपातील औषध नियामक संस्थेने २०१४ साली गोळ्यांचाही फेरविचार केला आणि प्रौढांनी १० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून अधिकाधिक तीनदा, केवळ मळमळ-उलटीसाठी व सर्वसाधारणपणे एक आठवड्यापेक्षा अधिक काळ घेऊ नये, असे ठरविले. पोट फुगणे व जळजळ यांसाठी तेथे त्याची शिफारस उरली नाही. साठीपुढील व्यक्ती आणि दिवसाला ३० मिलिग्रॅमहून अधिक मात्रा घेणारे यांना विशेष जपावे, असे त्या संस्थेने सांगितले. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या कॅप्सूलमधील आम्ल कमी करणारे दुसरे औषध दीर्घकाळ घेतल्यास काही व्यक्तींच्या रक्तातील मॅग्नेशियम घटते, आणि मॅग्नेशियमची घट स्वतःच लय बिघडण्यास साहाय्यभूत होते. आठवड्याभरासाठी लिहिलेली कॅप्सूल पाच वर्षे चालू ठेवणे म्हणूनच योग्य नव्हे.

जुलाब थांबविणारे लोपेरामाइड नेमक्या मात्रेत सुरक्षित आहे. परंतु नेमलेल्या मात्रेच्या अनेक पट गोळ्या घेतल्यास तेही हृदयाची लय बिघडविते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली दिला. उलटीवरील ऑन्डान्सेट्रॉन, नैराश्यावरील सिटालोप्राम, काही बुरशीनाशके, मलेरियावरील काही औषधे, इतकेच नव्हे तर हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील काही औषधेही याच यादीत मोडतात. ज्या औषधाने लय सुधारावी त्यानेच ती क्वचित बिघडावी, हे विचित्र वाटले तरी सत्य आहे.

कोविडच्या साथीत, २०२० च्या मार्च महिन्यात, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची मागणी एकाएकी वाढली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची सूचना आरोग्यसेवक आणि बाधितांच्या घरातील संपर्कातील व्यक्ती यांच्यापुरती होती, आणि तीही नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घेण्याची होती. तथापि भीतीपोटी अनेकांनी हे औषध घरी साठविले. अखेर सरकारने २६ मार्च २०२० रोजी त्याच्या किरकोळ विक्रीवर कडक बंधने घातली. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन व अ‍ॅझिथ्रोमायसिन ही दोन्ही औषधे एकाच द्वारावर परिणाम करणारी. ती एकत्र देताना डॉक्टरांना वारंवार हृदयाचा आलेख काढून पाहावा लागे. घरी बसून घेणाऱ्यास तो आलेख कोण दाखविणार?

धोका कोणास अधिक?

एकच कारण असता संकट क्वचितच येते. कारणे एकावर एक साचत गेली की ते येते. स्त्रियांमध्ये हा कालावधी मुळातच किंचित लांब असतो, म्हणून त्यांना धोका अधिक. वय ६५ च्या पुढे असणे, हृदय दुर्बल असणे, नाडी फार मंद असणे, यकृत किंवा मूत्रपिंड अशक्त असणे, ही पुढील कारणे. रक्तातील पोटॅशियम व मॅग्नेशियम कमी होणे हे तर सर्वांत महत्त्वाचे. वारंवार उलट्या-जुलाब झाल्यास, अथवा रक्तदाब वा सुजेसाठी लघवीची गोळी चालू असल्यास, हे क्षार शरीरातून निघून जातात. ही गोष्ट किती सहज घडते पाहा. पोट बिघडलेल्या वृद्ध मातेस जुलाबांनी क्षार कमी झालेले असतात, रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालूच असते, त्यात उलटीसाठी एक आणि जंतुसंसर्गासाठी दुसरे औषध मिळते. प्रत्येक गोळी सकारण दिलेली असते. बेरीज मात्र कोणी केलेली नसते.

काही कुटुंबांत हा कालावधी जन्मतःच लांब असतो. १९५७ साली नॉर्वेमधील जेर्वेल आणि लांगे-नील्सन यांनी, जन्मतः बहिरी आणि वारंवार मूर्च्छा येणारी भावंडे असलेल्या एका कुटुंबाचे वर्णन प्रथम केले. बहिरेपणा नसलेले प्रकारही पुढे आढळले. घराण्यात कोणी तरुणपणी अकस्मात दगावले असेल, किंवा पोहताना, धावताना वा दचकल्यावर कोणाची शुद्ध हरपत असेल, तर ती हकीकत डॉक्टरांना आवर्जून सांगितली पाहिजे.

उपवासाचा उल्लेखही येथे अप्रस्तुत ठरणार नाही. केवळ पाण्यावर किंवा निर्जळी असे दीर्घ उपवास चालू असता शरीरास पोटॅशियम व मॅग्नेशियम बाहेरून मिळत नाही, तर लघवीवाटे त्यांचा व्यय चालूच राहतो. १९७७-७८ च्या सुमारास अमेरिकेत वजन घटविण्यासाठी केवळ द्रवरूप प्रथिनांवर महिनोन्‌महिने राहणाऱ्या काही व्यक्ती अकस्मात मृत्यू पावल्या आणि त्यांपैकी काहींच्या आलेखात हाच लांबलेला कालावधी आढळला होता. अठ्ठाई किंवा मासखमणासारखी तपश्चर्या करणाऱ्या श्रद्धावानाचा संकल्प आदरणीयच आहे. परंतु ज्यांना हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाबासाठी औषधे चालू आहेत, त्यांनी पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांशी विचारविनिमय करावा. कोणते औषध कमी करावयाचे, कोणते थांबवावयाचे, रक्तातील क्षार केव्हा तपासावयाचे, हे आधीच ठरवावे. तपश्चर्येच्या दिवसांत वा पारण्याच्या वेळी मळमळ झाली म्हणून डब्यातील गोळी परस्पर देणे कटाक्षाने टाळावे.

काय करावे, काय टाळावे

पहिली आणि मुख्य गोष्ट अशी, की हे व्याख्यान ऐकून कोणीही आपले चालू औषध मनाने बंद करू नये. जंतुसंसर्ग, हृदयविकार वा मानसिक आजार औषधावाचून राहिला तर होणारा अपाय या विरळ धोक्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

दुसरी गोष्ट, आपण घेत असलेल्या सर्व औषधांची नावे व मात्रा एका कागदावर लिहून तो कागद नेहमी जवळ बाळगावा. हृदयाचे डॉक्टर निराळे, पोटाचे निराळे, त्वचेचे निराळे, अशी आजची स्थिती आहे. एकाने काय दिले हे दुसऱ्यास त्या कागदावरूनच कळेल. आयुर्वेदिक व इतर औषधेही त्यात नोंदवावीत. नवे औषध मिळाले की “चालू औषधांबरोबर हे चालेल ना?” एवढा एक प्रश्न विचारण्यास संकोच करू नये.

तिसरी गोष्ट, ज्या वेष्टनावर लाल रेघ असते ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर, जुन्या चिठ्ठीवर किंवा उरलेल्या गोळ्यांवर उपचार करू नयेत.

चौथी गोष्ट, नवे औषध सुरू केल्यावर भोवळ आली, शुद्ध हरपली किंवा छातीत एकाएकी फडफड जाणवू लागली तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून घरी थांबू नये. तत्काळ रुग्णालयात जावे, औषधांचा कागद सोबत न्यावा आणि आलेख काढून घ्यावा. या विकारावर उपाय आहेत. कारणीभूत औषध थांबवितात, शिरेतून मॅग्नेशियम देतात, पोटॅशियमची भरपाई करतात; आवश्यक तर विजेच्या झटक्याने लय पूर्ववत करतात. वेळेवर पोहोचलेला रुग्ण बहुधा वाचतो आणि पुढे कोणते औषध टाळावयाचे हे त्यास जन्मभरासाठी कळते. माणूस कोसळून प्रतिसाद देत नसेल व श्वास चालत नसेल, तर रुग्णवाहिका बोलावून छातीच्या मध्यभागी जोराने व जलद दाब देत राहावे. महाराष्ट्रात यासाठी १०८ हा क्रमांक आहे.

पाचवी गोष्ट समाजाच्या हिताची आहे. औषधाच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्यासाठी २०१० साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याचे समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. दुष्परिणामाची माहिती डॉक्टरच नव्हे तर रुग्ण व त्याचे नातेवाईकही तेथे कळवू शकतात. १९९० सालच्या त्या एका महिलेच्या हकिकतीची कोणी काळजीपूर्वक नोंद केली, म्हणून पुढे असंख्यांचे प्राण वाचले. आपल्या घरातील एका घटनेची नोंदही अशीच कोणा अपरिचिताच्या उपयोगी पडू शकते.

औषध हे उपकारकच आहे. गेल्या शंभर वर्षांत मनुष्याचे आयुर्मान वाढले त्यात त्याचा वाटा मोठा आहे. परंतु त्याचा उपकार योग्य मात्रा, योग्य काळ आणि योग्य व्यक्ती या तीन मर्यादांत बांधलेला आहे. या मर्यादा ओळखणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, तसेच घेणाऱ्याचेही आहे. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या घरातील औषधांचा डबा एकदा उघडावा, मुदत संपलेली व उरलेली औषधे बाजूला काढावीत आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या औषधांचा कागद तयार करावा. एवढे कार्य प्रत्येक कुटुंबाने केले तर या व्याख्यानाचे प्रयोजन सफल झाले असे म्हणता येईल.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो, ही सदिच्छा.